एकाच खाटेवर दोन पाळ्या: सी कोडातले मॅक्रो स्क्रिप्टने बदलताना

२०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरात क्यूएमू या प्रकल्पाच्या कोडात काही अगदी फुटकळ दिसणारे बदल झाले. एआरएमच्या पीएल११० नावाच्या जुन्या डिस्प्ले कंट्रोलरच्या फाइलमध्ये आवृत्त्यांची एक यादी होती. तिच्यातल्या प्रत्येक नावाआधी 'व्हर्जन' हा शब्द जोडला गेला. ऑलविनर एच३ चिपच्या फाइलमध्ये मेमरीच्या पत्त्यांना दिलेल्या नावांच्या पोटात 'डेव्ह' घुसवलं गेलं. कुठे एका मॅक्रोचं (मॅक्रो म्हणजे एखाद्या मजकुराला दिलेलं नाव, ते आलं की तिथे तो मजकूर चिकटतो) नाव आखूड केलं, कुठे कुणीच वापरत नसलेला मॅक्रो उडवला. या नामांतरांनी प्रोग्रॅमच्या वागण्यात तसूभरही फरक पडला नाही. मग हा उपद्व्याप कशासाठी? तर मागून एक स्क्रिप्ट येणार होती आणि तिच्या वाटेतले दगड आधी उचलून ठेवायचे होते.

ती स्क्रिप्ट काय करणार होती, आणि पीएल११० चं नाव तिच्या पायात का येत होतं, हे समजलं की मोठ्या सी कोडात यंत्राकरवी बदल कसे करतात याचा बराचसा उलगडा होतो. (कोडातली नावं मी देवनागरीत लिहितोय, मुळात ती रोमन कॅपिटल अक्षरांत, मधे अंडरस्कोर घालून असतात.)

आधी क्यूएमूबद्दल थोडं. संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करणारा हा प्रोग्रॅम. फाब्रिस बेलार यांनी तो २००३ साली आणला. व्हिडिओच्या जगात सगळीकडे असलेला एफएफएमपेगही मूळ त्यांचाच. व्हर्च्युअल मशीनला वाटतं की आपल्याकडे डिस्क आहे, नेटवर्क कार्ड आहे, सिरियल पोर्ट आहे. प्रत्यक्षात ही सगळी सोंगं क्यूएमू वठवत असतो. प्रत्येक सोंगासाठी त्या चिपसारखा वागणारा कोड लागतो, त्यामुळे क्यूएमूत शेकडो उपकरणांच्या फाइली आहेत. एकूण कोड दहा लाख ओळींच्या पलीकडे, आणि बहुतेक सगळा सी भाषेत.

आता उपकरणं म्हटली की घराणं आलं. प्रत्येक पीसीआय कार्ड हे एक उपकरण असतं, प्रत्येक उपकरण हा एक ऑब्जेक्ट असतो. सी++ किंवा जावात यासाठी क्लास, म्हणजे एका जातीच्या ऑब्जेक्टांचे आराखडे, असतात. सी भाषेत नाहीत. म्हणून २०११-१२ च्या सुमारास अँथनी लिगोरी यांच्या पुढाकाराने क्यूएमूत स्वतःचीच एक ऑब्जेक्ट-व्यवस्था आली. तिचं नाव क्यूओएम, म्हणजे क्यूएमू ऑब्जेक्ट मॉडेल. तिची युक्ती जुनीच आहे: मुलाच्या स्ट्रक्टमध्ये (एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गठ्ठ्यात) पहिली जागा आईच्या स्ट्रक्टला द्यायची. दोघांचा पत्ता एकच असतो, म्हणून मुलाचा पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) आईचा म्हणून वापरता येतो. उलट दिशेनेही जाता येतं. हातात नुसता ऑब्जेक्टचा पॉइंटर आहे आणि तो पीएल०११ या सिरियल पोर्टचा आहे हे मला ठाऊक आहे, तर त्याला तसं 'कास्ट' करून टाकायचं.

धोका इथेच आहे. सी भाषा या बाबतीत भाबडी आहे. तुम्ही म्हणालात हा सिरियल पोर्ट, तर ती म्हणते बरं, सिरियल पोर्ट. तो निघाला नेटवर्क कार्ड, तर भलत्याच जागची मेमरी खरडली जाते आणि बोंब उठते ती भलत्याच ठिकाणी, अर्ध्या तासाने.

म्हणून क्यूओएममध्ये दारावर पहारेकरी बसवले. प्रत्येक टाइपसाठी त्याच्याच नावाचा एक मॅक्रो. पीएल०११ असं लिहून कंसात पॉइंटर दिला की तो मॅक्रो आतून ऑब्जेक्ट-चेक नावाच्या दुसऱ्या मॅक्रोला हाक मारतो आणि तो प्रोग्रॅम चालू असताना विचारतो, हा खरंच पीएल०११ च्या घराण्यातला आहे का? असेल तर पॉइंटर योग्य रूपात परत मिळतो. नसेल तर 'हा ऑब्जेक्ट अमुक टाइपचा नाही' असा संदेश छापून प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद. सारखी चौकशी करण्यात वेळ जाऊ नये म्हणून नुकत्याच पास झालेल्या तपासण्यांची चार घरांची एक छोटी नोंदही ठेवलेली असते. एकूण सोय चांगली आहे.

पण ती सोय प्रत्येक टाइपसाठी हाताने लिहावी लागे. एक पहारेकरी ऑब्जेक्टसाठी, दुसरा क्लाससाठी, तिसरा ऑब्जेक्टकडून त्याचा क्लास मागून घेण्यासाठी. तिन्हींत त्याच त्या नावांची फिरवाफिरव. असं काम माणूस कसं करतो हे आपल्याला माहीत आहे: शेजारच्या फाइलमधून उचलायचं, चिकटवायचं, नाव बदलायचं. आणि एका जागी बदलायचं राहून जातं.

राहिलं तर कंपायलर, म्हणजे कोडाचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, ओरडेल ना? नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. मॅक्रो हे कंपायलरचं खातं नव्हे. कंपायलरच्या आधी प्रीप्रोसेसर नावाची एक पायरी असते, ती कोडाकडे निव्वळ मजकूर म्हणून पाहते. मॅक्रोची व्याख्या दिसली की ती वहीत टिपून ठेवते. पुढे ते नाव आलं की त्या जागी वहीतला मजकूर चिकटवते. व्याख्येत अस्तित्वातच नसलेल्या टाइपचं नाव असलं तरी तिला सोयरसुतक नाही. तो मॅक्रो कुणी वापरेपर्यंत ती चूक वहीत पडून राहते. क्यूएमूत असे नमुने खरोखर निघाले. प्लॅटफॉर्म-बस नावाच्या भागात ज्यांचं टायपडेफच (टाइपला नाव देणारी ओळ) नाही अशा टाइपांसाठी मॅक्रो लिहून ठेवले होते, आणि वर्सटाइल या बोर्डाच्या पीसीआयच्या एका मॅक्रोत नावाचं स्पेलिंगच चुकलेलं होतं. कंपायलर वर्षानुवर्षं गप्प होता, कारण त्याच्यापर्यंत ती ओळ पोचलीच नव्हती.

२०२० मध्ये डॅनियल बेरांजे यांनी यावर नवे मॅक्रो सुचवले, जीऑब्जेक्ट या लायब्ररीत असतात त्या धर्तीवर. ऑब्जेक्ट-डिक्लेअर-टाइप असं लिहून कंसात ऑब्जेक्टचा स्ट्रक्ट, क्लासचा स्ट्रक्ट आणि पहारेकऱ्याचं नाव द्यायचं. एका ओळीत दोन्ही टायपडेफ तयार, तिन्ही पहारेकरी तयार. आणि हे नवे पहारेकरी मॅक्रो नाहीत, खरीखुरी छोटी इनलाइन फंक्शनं आहेत. फंक्शन कंपायलरच्या नजरेखालून जातंच, कुणी वापरो न वापरो. टाइपचं नाव चुकलं की त्याच क्षणी बिल्ड (कोडापासून प्रोग्रॅम बनवणं) अडतो.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. फंक्शन झालं म्हणून चुकीच्या टाइपचा पॉइंटर कंपायल करतानाच पकडला जाईल, असं नाही. हे फंक्शन कुठलाही पॉइंटर आत घेतं. घराण्याची चौकशी पूर्वीसारखीच प्रोग्रॅम चालू असताना होते. फायदा आहे तो पहारेकऱ्याची स्वतःची कागदपत्रं आधीच तपासली जातात, हा.

नवा मॅक्रो आला, पण जुने शेकडो हस्तलिखित पहारेकरी होतेच. मोठ्या प्रकल्पांत नेहमी असंच होतं. नवी पद्धत येते, नव्या फाइली तिच्याप्रमाणे लिहिल्या जातात, जुन्या तशाच राहतात आणि पाच वर्षांनी नवशिक्या विचारतो, यातलं कुठलं बरोबर? तोवर तिसरी पद्धत आलेली असते. एदुआर्दो हाबकोस्त यांनी ठरवलं की जुनं सगळं एका दमात बदलायचं. हाताने अर्थात नाही.

सी कोडात मोठे बदल करायचं नावाजलेलं हत्यार म्हणजे कोक्सिनेल. फ्रान्समध्ये तयार झालेलं, लिनक्स कर्नलमध्ये वर्षानुवर्षं वापरात असलेलं. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ ढालकिडा, म्हणजे पिकावरचा मावा खाणारा तो ठिपक्याठिपक्यांचा लाल किडा. बग खाणाऱ्या हत्याराला नाव झकास आहे. 'आधी केमॅलॉक आणि नंतर मेमसेट दिसलं तर दोन्हींच्या जागी केझॅलॉक लिही' अशासारख्या सूचना त्याला देता येतात, आणि मधल्या मोकळ्या जागा, ओळींची तोडमोड, व्हेरिएबलची नावं यांनी तो गडबडत नाही, कारण तो कोडाची रचना समजून वाचतो. क्यूएमूच्या कोडातही कोक्सिनेलच्या स्क्रिप्टांचा एक वेगळा फोल्डर आहे.

पण इथे बदलायच्या होत्या मॅक्रोंच्या व्याख्या. त्या म्हणजे सी भाषेची रचना नव्हे, प्रीप्रोसेसरच्या वहीतल्या नोंदी. कोक्सिनेलचा जीव नेमका याच भागात दमतो. म्हणून हाबकोस्त यांनी पायथनमध्ये स्वतःचं कोड-कन्व्हर्टर लिहिलं, रेग्युलर एक्स्प्रेशनांवर, म्हणजे मजकुरातले साचे ओळखणाऱ्या सूत्रांवर, चालणारं. ऐकून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. रेग्युलर एक्स्प्रेशनने सी भाषा वाचता येत नाही, हे खरंच आहे. पण सगळी सी वाचायची होती कुणाला? ठराविक साच्यातल्या दोन-तीन ओळी ओळखायच्या होत्या, आणि त्या मुळात एकमेकींवरून नक्कल केलेल्या. ज्या चिकटवाचिकटवीने दुखणं आणलं, तिच्यामुळेच औषध सोपं झालं.

अर्थात रेग्युलर एक्स्प्रेशनचा वार बेसावधपणे केला तर काय होतं हे मी भोगलंय. एका जुन्या नोकरीत मी फोल्डरभर शोधा-आणि-बदला चालवलं, आणि त्यात गिटचा (कोडातल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचा) लपलेला फोल्डरही आला. संध्याकाळपर्यंत मी सहकाऱ्याच्या मशीनवरून सगळं पुन्हा उतरवून घेत होतो. कन्व्हर्टरच्या आज्ञेत फाइलींची यादी आधी गिटलाच विचारून घेतलेली असे, फक्त डॉट सी आणि डॉट एच. ही खबरदारी मला तेव्हा कुणी शिकवली असती तर बरं झालं असतं.

आता त्या दगडांकडे येऊ. पहिला, क्रमाचा. मॅक्रोची व्याख्या फाइलीत कुठेही चालते, टाइप तिच्या खाली जाहीर झाला तरी हरकत नसते, कारण वापरण्याच्या वेळी तो माहीत असला की भागतं. फंक्शनला तसं जमत नाही. त्याला टाइपचं नाव आधी कळलेलं लागतं. त्यातून सीमध्ये स्ट्रक्टची व्याख्या आणि टायपडेफ एकाच वाक्यात लिहायची सर्रास पद्धत. नवा मॅक्रो टायपडेफ स्वतः करणार, म्हणजे जुनं टायपडेफ उरलं तर तेच नाव दोनदा जाहीर होणार, आणि सी११ च्या आधीच्या प्रमाणात त्याला मुभा नाही. तेव्हा स्क्रिप्टने आधी ही जोडवाक्यं फोडली: स्ट्रक्ट वेगळा, टायपडेफ वेगळं. मग टायपडेफ मॅक्रोच्या वर हलवली आणि लागतील तिथे इन्क्लूडच्या (दुसरी फाइल आत ओढणाऱ्या) ओळी घातल्या. त्यानंतर मॅक्रोंच्या जागी पहारेकरी जाहीर करणारी मधली रूपं आणली. शेवटी, जिथे टायपडेफ आणि पहारेकरी शेजारीशेजारी आहेत तिथे दोन्ही मिळून ऑब्जेक्ट-डिक्लेअर-टाइप. प्रत्येक पायरी वेगळी, आणि प्रत्येक पायरीनंतर कोड बिल्ड होणारा. काही टाइप मधल्याच पायरीवर थांबले. पीसीआय उपकरणाचंच घ्या. त्याचं टायपडेफ एका सामायिक फाइलीत होतं, त्यामुळे तिथे एका ओळीचं रूप बसत नव्हतं.

दुसरा दगड म्हणजे पीएल११०. हा माझा सगळ्यांत आवडता.

त्या फाइलीत पीएल११० नावाच्या दोन गोष्टी होत्या. एक पहारेकरी मॅक्रो, आणि दुसरी इनममधली (आकड्यांना नावं देणाऱ्या यादीतली) एक किंमत, म्हणजे कंट्रोलरची आवृत्ती दाखवणारा आकडा. एकाच फाइलीत एकच नाव दोघांना, आणि तरी वर्षानुवर्षं कसलीही तक्रार नाही. हे कसं? तर कंस घेणाऱ्या मॅक्रोचा नियम असा आहे की नावामागून उघडा कंस आला तरच प्रीप्रोसेसर त्याला मॅक्रो समजतो. नुसतं पीएल११० दिसलं तर तो हात लावत नाही, ते नाव जसंच्या तसं कंपायलरकडे जातं आणि कंपायलरला ती इनमची किंमत म्हणून सापडते. कंसासकट आलं तर प्रीप्रोसेसर ते आधीच पुसून टाकतो, कंपायलरला ते नाव दिसतच नाही.

गिरणगावातल्या खोल्यांमध्ये पूर्वी एकाच खाटेवर दोन कामगार झोपत. एक दिवसपाळीचा, एक रात्रपाळीचा. एकाची उठायची वेळ तीच दुसऱ्याची पाठ टेकायची, त्यामुळे खाट एक असूनही भांडण नाही. मॅक्रो प्रीप्रोसेसरच्या पाळीत, इनम कंपायलरच्या पाळीत. आता मॅक्रोचं फंक्शन केलं, म्हणजे त्याची पाळी बदलली. दोघेही एकाच वेळी खाटेवर. फंक्शनांची आणि इनमच्या किंमतींची नावं सीमध्ये एकाच वहीत लिहिली जातात, त्यामुळे कंपायलर म्हणणार, हे नाव आधीच घेतलंय. एकाने दुसरी खाट शोधायलाच हवी. म्हणून आवृत्त्यांच्या नावांआधी 'व्हर्जन' आलं. ऑलविनर एच३ मध्ये सीसीयू आणि सिसकंट्रोल या दोन पत्त्यांच्या नावांचं असंच भांडण होणार होतं, तेव्हा एकसारखेपणासाठी सगळ्याच पत्त्यांच्या नावांत 'डेव्ह' घातलं.

स्क्रिप्टने हे स्वतःहून केलं नाही, आणि तिला करू न देणं मला शहाणपणाचं वाटतं. नवं नाव काय असावं हा चवीचा प्रश्न आहे. तो त्या फाइलीची देखभाल करणाऱ्याने पाहायला हवा. यंत्राने दिलेलं नाव बिल्ड होईल, पण पुढची दहा वर्षं लोकांना ते वाचायचंय.

तिसरा दगडही नावाचाच, पण थोडा निराळा. ऑब्जेक्ट-डिक्लेअर-टाइप हा पहारेकऱ्याच्या नावापुढे 'टाइप' चिकटवून टाइपचं नाव स्वतः बनवतो. प्रीप्रोसेसरमध्ये दोन तुकडे जोडून एक शब्द करायची सोय असते, तिचा हा उपयोग. म्हणजे पहारेकरी ईएसपी असेल तर टाइप-ईएसपी असलंच पाहिजे. पण स्कझी कंट्रोलरच्या त्या फाइलीत टाइप-ईएसपी होतं आणि पहारेकऱ्याचं नाव मात्र ईएसपी-स्टेट. सेबर या पीसीआय ब्रिजच्या फाइलीत पहारेकरी सेबर-डिव्हाइस. वाचणाऱ्याला दोन्ही कळतात, मॅक्रोला कळत नाहीत. अशी नावं एकेक करून हाताने सरळ केली गेली. ही सगळी हातची कामं छोट्या छोट्या वेगळ्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलांच्या नोंदींमध्ये) झाली, आणि प्रत्येकीत कारण दिलेलं होतं. एखादी फाइल उघडून 'हे नाव कुणी आणि का बदललं' असं आज विचारलं तर एका वाक्यात उत्तर मिळतं.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. आपल्या मशीनवर बिल्ड झालं म्हणजे सगळं बिल्ड झालं, असं सीमध्ये नसतं. क्यूएमूतला काही कोड फक्त मॅकवर कंपायल होतो, काही फक्त विंडोजवर, काही झेनच्या लायब्ररी असल्या तरच. स्क्रिप्ट तर सगळ्याच फाइलींतून फिरते. लिनक्सवर बसून तुम्ही मॅकच्या एचव्हीएफ भागातला मजकूर बदलता, आणि तुमचा कंपायलर त्या फाइलीकडे ढुंकूनही पाहत नाही. सगळ्या प्लॅटफॉर्मवर आपोआप बिल्ड करून पाहणारी यंत्रणा हाताशी नसेल तर असल्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हजारो ओळींचा बदल तपासायचा कुणी? खरं सांगायचं तर ओळ न् ओळ कुणीच तपासत नाही. तीनशेव्या सारख्या दिसणाऱ्या तुकड्याशी पोचेपर्यंत डोळ्यांवर झापड आलेली असते, आणि खोट तिथेच निघते. इथे उपाय साधा होता. यंत्राने केलेल्या कमिटच्या संदेशातच, कन्व्हर्टर कुठल्या साच्यासाठी कसा चालवला ती आज्ञा लिहिलेली होती. तपासणाऱ्याने स्क्रिप्ट वाचावी, आज्ञा स्वतः चालवावी आणि निकाल तोच येतो का ते पाहावं. पण मला याहून मोठा वाटतो तो दुसरा फायदा. एवढा बदल मंजूर व्हायला दिवस लागतात, तोवर मुख्य कोड पुढे गेलेला असतो आणि पॅच बसत नाही. हाताने केलेला असता तर एकेक गाठ सोडवत बसावं लागलं असतं. आज्ञा हाताशी असेल तर जुना निकाल फेकून द्यायचा आणि ताज्या कोडावर ती पुन्हा चालवायची.

यंत्राकरवी बदल करण्याची ही सवय लगेच कामी आली. ऑब्जेक्ट-डिक्लेअर-टाइपला सुरुवातीला पहारेकऱ्याचं नाव दोनदा द्यावं लागे, एकदा कॅपिटलमध्ये आणि एकदा स्मॉलमध्ये. स्मॉलवालं इथे कशाच्याच कामाचं नाही असं ठरलं, आणि त्याच सप्टेंबरात ते सगळीकडून काढलं गेलं. हातकामाच्या जगात असल्या सुधारणेला 'राहू दे आता' हे उत्तर ठरलेलं असतं. डिसेंबर २०२० मध्ये क्यूएमू ५.२ बाहेर पडला तो ही नवी रूपं घेऊनच.

तोटा काहीच झाला नाही का? झाला. एक गिट ब्लेमचा, म्हणजे कुठली ओळ कुठल्या कमिटमध्ये बदलली ते सांगणाऱ्या आज्ञेचा: कुठलीही ओळ विचारली की यंत्राच्या कमिटचं नाव पुढे येतं. त्यावर गिटमध्येच २०१९ पासून, २.२३ या आवृत्तीपासून, ठराविक कमिट वगळून दोष शोधायची सोय आहे.

दुसरा तोटा अजून आहे. पहारेकरी संदेश छापतो तेव्हा फाइल, ओळ आणि फंक्शनचं नावही छापतो. मॅक्रोच्या काळात ही माहिती, मॅक्रो जिथे चिकटला त्या जागेची असे, म्हणजे नेमक्या चुकीच्या जागेची. फंक्शन झाल्यावर मजकूर चिकटण्याची जागा बदलली. ती आता पहारेकरी जाहीर केला त्या हेडर फाइलीत असते. त्यामुळे आज क्यूएमू असा कोसळला तर संदेशात क्यूडेव्ह-कोर हेडरमधली ओळ दिसते आणि फंक्शन म्हणून 'डिव्हाइस' एवढंच. त्या ओळीत काहीच चुकलेलं नसतं. नवशिका तासभर ती न्याहाळत बसतो, आणि मग कुणीतरी त्याला सांगतं, अरे, जीडीबी हा डीबगर लाव आणि बॅकट्रेसमध्ये, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुणाला हाक मारली त्या यादीत, एक पायरी वर बघ.